दहा किलोमीटरची गॅरंटी

तुमच्या आबांना जळगावच्या या घरात शेवटचे तीन उन्हाळे मिळाले ते एका माणसामुळे. डॉक्टर चांगले होते, औषधं वेळेवर होती, मीही होते. पण हे तिन्ही पुण्यालाही मिळालं असतं. घर मिळालं नसतं. म्हणून त्या माणसाविषयी लिहून ठेवते आहे. तुम्हाला मराठी वाचता येतं असं तुमची आई म्हणते. अडेल तिथं तिला विचारा. मला विचाराल तर मी आणखी दोन पानं लिहीन.

त्यांना सगळे चाचा म्हणायचे, अजूनही म्हणतात. मीही म्हणते, जरी आमच्या वयात दोन-तीन वर्षांचंच अंतर असेल आणि मोठं कोण ते आम्ही कधी पडताळून पाहिलेलं नाही. मूळचे धुळ्याचे. वडील तिथं कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. लग्नानंतर चाचा सासुरवाडीला, नशिराबादला आले आणि महामार्गाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये सोलरचं दुकान टाकलं. घरात हिंदी बोलतात, धुळ्याकडचं गिऱ्हाईक आलं की अहिराणी, आणि माझ्याशी मराठी, तीही शाळेत साहेब तपासणीला आल्यावर मुलं बोलतात तशी जपून. चिडले की तिन्ही भाषा एकत्र होतात.

आधी आबांचं सांगते. त्यांची फुप्फुसं हळूहळू काम करेनाशी झाली होती. पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन आलं आणि त्याची नळी जवळजवळ दिवसभर नाकाला. ते मशीन विजेवर चालतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की विजेची पक्की सोय असेल तर घरी ठेवा, नसेल तर मोठ्या शहरात हलवा. आपल्याकडे उन्हाळ्यात वीज कशी असते ते त्यांनाही ठाऊक होतं. तुमच्या बाबांनी तिकडे परदेशात बसल्या बसल्या पुण्यात जनरेटर असलेल्या इमारतीत फ्लॅट बघूनही ठेवला. त्यांचं काही चुकत नव्हतं. आबा एवढंच म्हणाले, "मला इथं राहू दे." सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला फारसं आठवत नाही. हे मागितलं.

इन्व्हर्टर घरात होता, पण वीज सलग चार-पाच तास गेली की तो मान टाकायचा. जनरेटर आणावा तर धूर, आणि त्याची दोरी ओढणार कोण? म्हणून मी बाजारातून सोलरची एक नवी कोरी प्लेट आणली. दिसायला सुंदर, किंमत परवडणारी, सोबत पंचवीस वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड. ते कार्ड मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून फाइलला लावलं. दोन महिन्यांत, ऐन एप्रिलात, प्लेट बंद. दुकानदार म्हणाला कंपनीला फोन करा. कंपनीचा फोन नुसताच वाजत राहायचा. मग कुणीतरी नशिराबादचा पत्ता दिला आणि मी प्लेट रिक्षात घालून निघाले.

चाचांनी प्लेट हातात घेतली आणि लगेच पालथी केली. वरच्या काचेकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या पांढऱ्या पापुद्र्यावर फोड आले होते, त्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं, मग नाक लावून वास घेतला. मी जरा मागे सरकले. मग त्यांनी कार्ड मागितलं आणि त्यावरच्या बारीक इंग्रजी अटी मला मोठ्यानं वाचून अर्थ सांगायला लावला. मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण इतकं लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी मला क्वचितच मिळाला असेल. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले,

"वॉरंटी पंचवीस वर्षांची. कंपनी किती वर्षांची?"

मी कार्ड पुन्हा उलटून पाहिलं.

"तीन," ते म्हणाले. "आणि तोंड सगळ्यांचंच चांगलं असतं, बाई. पाठ बघायची."

ही पाठ बघायची सवय त्यांना सगळीकडेच होती. त्यांच्या बेगमनी मला नंतर सांगितलं की मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पाहुण्यांना बैठकीत सोडून हे आधी घराच्या मागच्या अंगणात जाऊन आले. मोरी स्वच्छ होती म्हणून सोयरीक जुळली.

त्यांच्या दुकानाच्या पत्र्यावर दहा-बारा प्लेटा नेहमी आडव्या पडलेल्या असायच्या. प्रत्येकीवर ऑइलपेंटनं महिना लिहिलेला. मला वाटलं विकायला ठेवल्या असतील. ते म्हणाले, नाही, परीक्षेला बसल्यात. कुठलीही प्लेट एक पावसाळा आणि एक खानदेशी उन्हाळा खाल्ल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला देत नसत. आपला मे महिना सोसला तिला पुढं कशाचीच भीती नाही, असं त्यांचं मत. नापास झालेल्या प्लेटा मागच्या भिंतीला तोंड करून उभ्या. माझी प्लेट त्यांनी तिथंच नेऊन उभी केली. मला उगीच अपराध्यासारखं झालं.

दुसरा एक नियम होता. एखादी नवी वस्तू आली, दिवा म्हणा, पंखा म्हणा, की ती ते आधी उघडायचे आणि त्यातला सगळ्यात बारीक भाग घेऊन जळगावच्या बाजारात जायचे. तो भाग मिळाला तर वस्तू दुकानात ठेवायची, नाही तर परत. ज्याचा स्क्रू जळगावात मिळत नाही ती वस्तू आपली नाही, म्हणायचे. एकदा एक व्यापारी परदेशी कंदिलांचा खोका घेऊन आला होता. फार देखणे कंदील, स्वस्तही. चाचांनी एक उघडला, बघितला, परत जोडला आणि पेटवून त्याच्याच हातात दिला. म्हणाले, याला दवाखाना नाही, फक्त कबरस्तान आहे. व्यापारी रागावून गेला. खोका अर्थातच पुढच्या गावात खपला असणार.

अशा माणसाचं दुकान चालतं कसं, हे कोडं मला बराच काळ होतं. माझ्यासमोर त्यांनी शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याला परत पाठवलं. तो बिचारा स्वस्तातली प्लेट दे म्हणून मागे लागला होता. चाचांनी विचारलं, "स्वस्त म्हनजे कितला वरीसनी?" किती वर्षांची स्वस्त? तो म्हणाला, ऊन तर फुकट शे ना चाचा. तेव्हा चाचा म्हणाले, "ऊन फुकट शे, बाकी बठ्ठं इकत लेनं पडस." बाकी सगळं विकत घ्यावं लागतं. मग त्याला बसवून चहा पाजला आणि आत्ता काही घेऊ नको, दिवाळीनंतर ये, तेव्हा पत्र्यावरच्या दोन पास होतील त्या घेऊन जा, असं सांगून बसथांब्यापर्यंत सोडून आले. तो दिवाळीनंतर आला. आपल्या चुलत भावालाही घेऊन आला. अशानं दुकान चालत होतं.

पण माझ्याकडे दिवाळीपर्यंत वेळ नव्हता. मी आबांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, पुण्याच्या फ्लॅटचंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी मोपेडवरून आपल्या घरी आले, काखेत छत्री, हातात पाण्याची बाटली आणि खिशात खडू, आणि थेट गच्चीवर जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत. सावली बघत. कडुनिंबाची सावली कुठं पडते, पाण्याच्या टाकीची कुठं, शेजारच्या जिन्याच्या खोलीची कुठं. दर तासाला खडूनं रेघ आणि बाजूला वेळ. मी दोनदा सांगितलं की खाली पंख्याखाली येऊन बसा, मी मोबाइलवर फोटो काढून देते. ते म्हणाले, फोटोला ऊन लागत नाही.

तुमच्या आबांना त्या दिवशी फार गंमत वाटली. त्यांना मोठ्यानं बोलता येत नव्हतं आणि गच्चीवर जाणं तर शक्यच नव्हतं. ते पलंगावरून काठीनं पाण्याच्या पाइपावर ठोकायचे आणि वरून चाचा पान्यानं ठोकून उत्तर द्यायचे. दोन ठोके म्हणजे काय आणि तीन म्हणजे काय, हे त्यांचं त्यांनी ठरवलं. मला दोघांनीही सांगितलं नाही. संध्याकाळी चाचा खाली आले, घामानं निथळत, आणि आबांना एखाद्या गुप्त कटाची बातमी द्यावी तसं म्हणाले, "साहेब, तुमच्या टाकीनं पावणेचारला दगा दिला."

टाकी हलवावी लागली. माझ्या कपाळाला आठ्या चढल्या होत्या, पण हलवली.

मग प्लेटा आल्या त्या जुन्या. अकरा उन्हाळे खाल्लेल्या, एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावरून उतरवलेल्या, कडा पिवळ्या पडलेल्या. मी नाराज झाले हे कबूल करते. नवऱ्याच्या श्वासाचा प्रश्न आणि हा माणूस भंगार आणतो. त्यांनी पालथ्या करून दाखवल्या. पाठ गुळगुळीत, एक फोड नाही. नव्यापेक्षा वीज थोडी कमी देतील म्हणून दोनच्या जागी चार लावू, तरी नव्या दोनपेक्षा स्वस्त, आणि यांना जे व्हायचं होतं ते अकरा वर्षांत होऊन गेलंय, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, ठीक आहे, पण गॅरंटी लेखी द्या.

"लेखी तुमच्याकडे आहे ना एक," ते म्हणाले. "मी दहा किलोमीटरवर राहतो. माझी तेवढी."

एक पावसाळा आणि एक हिवाळा सगळं सुरळीत चाललं. वीज गेली तरी मशीनचा तोच संथ आवाज. दर महिन्याला चाचा बॅटरीत पाणी घालायला यायचे आणि त्याला दहा मिनिटं लागायची. उरलेला दीड तास आबांच्या पलंगाशी. दोघं मिळून रेडिओ ऐकायचे किंवा नुसते बसायचे. मी जिन्याच्या दाराला गच्चीवरचे नियम लिहून चिकटवले होते. पहिला नियम, प्लेटांवर काहीही ठेवू नये.

तो नियम मीच मोडला. मार्चअखेर होती. शेजारच्या अक्का आणि मी दरवर्षी ज्वारीचे बिबडे एकत्र घालतो. बिबडे म्हणजे पीठ शिजवून, ओल्या कापडावर थापून, कडक उन्हात वाळवायचे पापड. तुमच्या बाबांचा जीव त्यांवर. त्या वर्षी गच्चीचा अर्धा भाग प्लेटांनी व्यापलेला. अक्का म्हणाल्या, "बाई, ही काच बघा कशी तापलीय, उतारही आहे. वरून ऊन, खालून काच, दुपारपर्यंत खडखडीत. एक दिवसानं काय होतंय?" मलाही तसंच वाटलं. बी. ए., बी. एड. झालेल्या बाईला वाटलं. आम्ही दोन जुन्या सुती साड्या चारही प्लेटांवर पसरल्या आणि वर बिबडे घातले. फार सुरेख दिसत होते.

बाराला वीज गेली. मी निर्धास्त. साडेचारला मशीन पीं पीं करायला लागलं. बॅटरी संपली होती आणि मला कारण समजायला, खरं सांगते, पाच मिनिटं लागली. आबांना अडीअडचणीसाठी ठेवलेल्या ऑक्सिजनच्या लहान सिलिंडरवर घेतलं. तो जेमतेम तासभर पुरणारा. वर जाऊन साड्या ओढून काढल्या, पण उतरत्या उन्हात बॅटरी भरणार किती? घाईत नंबर दोनदा चुकला. चाचांना मी एवढंच म्हणाले की मशीन बंद आहे.

ते पंचवीस मिनिटांत आले. मोपेडच्या मागे दोरीनं बांधलेली दुकानातली भरलेली बॅटरी, दुकान तसंच उघडं टाकलेलं. आल्या आल्या तारा जोडल्या आणि मशीन सुरू झालं. सिलिंडरचा काटा तोवर तांबड्यापाशी टेकला होता. आबांचा रंग परत येईपर्यंत ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. मग गच्चीवर गेले. आता बोलणी बसणार म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहिले. खाली आले तेव्हा त्यांच्या हातात अर्धवट वाळलेला बिबडा होता आणि तोंडात त्याचा तुकडा. आबांना म्हणाले, "साहेब, मीठ बरोबर आहे. तीळ कमी."

आबा हसले. हसताना त्यांना धाप लागली, तरी हसले.

पुढच्या आठवड्यात चाचांनी माझी ती नापास प्लेट परत आणली, लोखंडी पायांवर उताराला बसवली आणि अक्कांना बोलावून सांगितलं, "ही तुमची. वीज देत नाही, फक्त वाळवते." अजून गल्लीतल्या सगळ्यांचे बिबडे तिच्यावर वाळतात.

पण त्या संध्याकाळचं तुमच्या बाबांना सांगायचं की नाही, हा प्रश्न होता. सांगितलं तर पुणे पक्कं. मी दोन दिवस गप्प राहिले. आबांच्या ते लक्षात आलं. म्हणाले, "सांग त्याला. बिबड्यांसकट सांग." मी सांगितलं. तुमचे बाबा म्हणाले, मला त्या चाचांशी बोलायचंय. तेव्हा चाचा बॅटरी बघायला आलेच होते. मी फोन स्पीकरवर ठेवला. तुमच्या बाबांनी इंजिनिअरला साजेसे प्रश्न विचारले, किती वॅट, किती तास, जुन्या प्लेटा का, पुन्हा बंद पडणार नाही याची खात्री काय.

"बंद पडेल," चाचा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले.

"बेटा, बंद न पडणारी चीज मी पाहिली नाही. पडेल का ते नको विचारू. पडली तर किती वेळात चालू होईल, ते विचार."

"किती वेळात?"

"परवा पंचवीस मिनिटं लागली. आता एक भरलेली बॅटरी इथंच ठेवलीय, तुझी आई पाच मिनिटांत बदलेल. मी आज शिकवतो. पुण्यात लिफ्टवाल्याला विचार, तो किती मिनिटांत येतो."

तुमच्या बाबांनी विचारलं, "आबा, तुम्हाला काय वाटतं?" आबांनी काठी उचलली आणि पाइपावर दोन ठोके दिले. चाचा हसून म्हणाले, साहेब हो म्हणतायत. पुण्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. मी बॅटरी बदलायला शिकले. पंधरा वेळा तरी बदलली असेल.

आबा गेले ते तिसऱ्या वैशाखात, सकाळी, याच खोलीत. मशीन चालू होतं. त्यांना विजेनं दगा दिला नाही. त्यांची वेळ झाली होती. तुमच्या बाबांना यायला दीड दिवस लागणार होता, आणि त्यांना वडिलांचा चेहरा बघायचा होता. थंड पेटी भाड्यानं आणली, तर तिलाही वीज हवी. बाहेर पंचेचाळीसचं ऊन आणि त्या दिवसांत वीज दिवसातून तीनदा जात होती.

मी चाचांना बोलावलं नव्हतं, फक्त कळवलं होतं. ते टेम्पो घेऊन आले. दुकानाच्या पत्र्यावरच्या सगळ्या प्लेटा उतरवून आणल्या होत्या, परीक्षा संपायला महिनाभर बाकी असलेल्यासुद्धा. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, आज सवलत. गच्चीभर प्लेटा मांडल्या आणि दीड दिवस तिथंच छत्रीखाली बसून राहिले. जिच्यावर सावली यायची तिला उचलून उन्हात सरकवायचे. अक्का जेवण वर नेऊन द्यायच्या. वीज पाच वेळा गेली. पेटी एकदाही थांबली नाही.

तुमचे बाबा आले. त्यांनी आबांना बघितलं. मी शेजारी होते, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. आबा झोपल्यासारखे दिसत होते एवढं सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा प्लेटा परत न्यायला आले. तुमचे बाबा त्यांना निवांत पहिल्यांदाच भेटत होते. पाया पडायला वाकले, तर चाचा मागे सरले. मग बाबांनी पाकीट काढून विचारलं, किती द्यायचे. चाचांनी टेम्पोचं भाडं आणि कापलेल्या तारेचे पैसे सांगितले. बाबा म्हणाले, आणि या सगळ्या प्लेटांचे? दीड दिवस तुमचं दुकान बंद होतं त्याचे?

"प्लेटांचे कसले? त्या तिथंही उन्हातच होत्या," चाचा म्हणाले, आणि एका प्लेटेची कड धरून उभे राहिले. "दुसरी बाजू धर. सावकाश, तापलीय."

तुमच्या बाबांनी पाकीट खिशात ठेवलं, बाह्या वर केल्या आणि दुसरी बाजू धरायला वाकले.